मुनाफची वीस पटीची दुर्बीण

महाग माल सोडून स्वस्त विकणारा दुकानदार कुणी पाहिलाय? मुनाफने तरी पाहिला नव्हता. म्हणूनच बहरीनमधल्या मनामाच्या दुकानात दत्तप्रसादने वीस पटीची दुर्बीण बाजूला सारली, तेव्हा त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"भाई, सात पटीची न्या," दत्तप्रसाद म्हणाला. "शिकारीत तुम्ही चालत्या जीपमध्ये असणार. मोठीत चित्र नाचतं."

हा वेंगुर्ल्याचा, साखरपेरणीत पटाईत. चांगला माल नक्कीच कुणा शेखासाठी राखून ठेवत असणार! मुनाफ रत्नागिरीचा, चार वर्षं एका अरबाबाचा, म्हणजे अरब मालकाचा, ड्रायव्हर. अरबाब दर हिवाळ्यात ससाणा घेऊन सौदीच्या वाळवंटात शिकारीला जायचा. भक्ष्यामागे सुटलेला ससाणा बघता बघता दिसेनासा होतो, त्याच्यावर दुर्बिणीतून नजर ठेवावी लागते. एकोणऐंशी साली ते काम मुनाफकडे आलं, दुर्बीण निवडण्यासकट. "ससाणा सुखरूप परत आला, तर तुझ्या बायकोचा व्हिसा करतो," अरबाब म्हणाला होता. दोन वर्षं झाली, मुनाफने आबिदाचं तोंड पाहिलं नव्हतं. एवढी गोष्ट कुणा परक्याच्या भरवशावर कशी सोडायची?

त्याने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि मोठी दुर्बीण डोळ्यांना लावली. रस्त्यापलीकडच्या मिनारावरचं कबूतर चोचीसकट लख्ख दिसलं. कुठे नाचतंय चित्र?

"हीच बांधा. आणि मला शिकवू नका."

दत्तप्रसादने ती बांधून दिली.

शिकारीच्या तिसऱ्या दिवशी ससाणा सुटला. अरबाबाच्या भावाने जीप खडकाळ माळावरून उधळली. मागे उभ्या असलेल्या मुनाफने दुर्बीण लावली, तर आत नुसतं आभाळ थयथयत होतं. इथे कोपरं टेकायला काही नव्हतं. दुर्बीण खाली घेईपर्यंत ससाणा गेला तो गेलाच. दोन दिवस सगळ्यांनी माळ पालथा घातला.

अरबाब ओरडला असता तर बरं झालं असतं. "व्हिसाचं पुढे बघू, इंशाल्ला," एवढंच तो म्हणाला.

मनामातल्या माहूज भागातल्या आपल्या खोलीत परतल्यावर मुनाफ आबिदाला पत्र लिहायला बसला. दुकानदाराने फसवलं, असं त्याने लिहिलं. वाचून पाहिलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. कागद फाडून त्याने दुसरा घेतला.

"आबिदा, एका माणसाने मला खरं सांगितलं होतं. मी त्याच्यावर संशय घेतला, म्हणून तुझं येणं राहिलं."