ठकूबाईच्या तालीचा दगड

मी एक जुना दगड आहे. काळा, खरबरीत आणि शेजारच्या दगडांच्या मते जरा आडमुठा. मित्रांनो, भीमाशंकरला जाताना तुम्ही गाडीच्या खिडकीतून भाताची खाचरं पाहिली असतील, डोंगराच्या उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली. प्रत्येक खाचराच्या कडेला एक दगडी भिंत असते. तिला आमच्याकडे ताल म्हणतात. ताल नसली तर सगळी माती पावसाबरोबर ओढ्याला जाते. अशाच एका तालीच्या पायात मी बसलो आहे. फोटो काढणारे भाताचे काढतात, आमचे कुणी काढत नाही. ते असो.

माझा जन्म वरच्या कड्यातला. एका पावसाळ्यात मी तिथून सुटलो, गडगडत खाली आलो आणि करवंदीच्या जाळीत कितीतरी वर्षं पडून राहिलो. मग एकदा होळी झाल्यावर भिका नावाचा माणूस पहार घेऊन आला. त्याच्यामागे अख्खी वाडी होती, कारण त्या दिवशी भिकाची पडकई होती. पडकई म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाचं खाचर बांधायचं, उद्या दुसऱ्याचं. मजुरी कुणी मागत नाही. ज्याचं काम असेल, त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण.

चौघांनी मला ढकलत आणलं. भिकाने मला चहूकडून न्याहाळलं आणि म्हणाला, "ह्यो पायात घ्या. ह्याच्या जिवावर समदी ताल उभी ऱ्हाईल." माझा रुंद भाग डोंगराच्या पोटात गेला, तोंड बाहेर राहिलं, फटींत लहान दगडांच्या चिपा ठोकल्या आणि मी बसलो. एवढा मान मला कड्यावरही मिळाला नव्हता. त्या दिवशी भिकाची नवी सून डोक्यावरून मातीची घमेली वाहत होती. तीच ही ठकूबाई. आता तिचे केस पांढरे झाले आहेत आणि तिचं कौलारू घर माझ्या बरोबर खाली आहे.

पुष्कळ वर्षं आमचं छान चाललं. दर उन्हाळ्यात माणसं यायची, सुटलेले दगड परत बसवायची. मधे काही वर्षं या कामाला सरकारी निधीही मिळाला, मग तो थांबला. हळूहळू तरुण माणसं कामासाठी खाली उतरली. ठकूबाईचा मुलगा बहिरू मंचरच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या गोण्या उचलू लागला. पडकईला माणसं जमेनात. पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. पूर्वी तो चार महिने पुरवून पुरवून पडायचा, आता एकदम अंगावर येतो. अशाच एका पावसात आमच्या तालीचं एक टोक फुगलं आणि ढासळलं. दगड खाचरात पडले. ते कुणी उचललेच नाहीत. मला फार राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात वाडीत एक ठेकेदार आला. कोकणात समुद्र किनारा खातो आहे आणि तो वाचवायला सरकारने मोठा निधी दिला आहे, असं त्याने सांगितलं. समुद्राला बांध घालायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यासाठी त्याला काळा दगड हवा होता. तो सावळेरामच्या ओट्यावर चहा पीत बसला. सावळेराम वाडीतला जुना जाणता माणूस, त्याचा शब्द म्हणजे वाडीचा शब्द. आमच्याकडे अशी रीत आहे की, तालीतून पडलेला दगड ज्याला लागेल त्याने न्यावा, विचारायची गरज नाही. सावळेराम शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलून गेला, "पडल्याल्या दगडाला मालक नसतो, पावणं. लागंल तेवढा न्या." त्याला वाटलं, दोनचार माणसं येतील, पाट्या भरून नेतील. आला तो जेसीबी, आणि मागोमाग डंपर.

खाचरात पडलेले दगड त्याने आधी उचलले. इथवर ठीक होतं. मग तो तालीच्या भगदाडाकडे वळला. ज्या भिंतीचं टोक पडलं ती अख्खी पडलेलीच, असा ठेकेदाराचा हिशोब. यंत्राचा दात माझ्या शेजारी घुसला. वरचे दगड धडाधड कोसळले. माझ्या तोंडावर एक लांब ओरखडा उठला, तो आजही दिसतो. मी हललो नाही. दात पुन्हा वर गेला, तेवढ्यात ठकूबाई धापा टाकत वर आली आणि सरळ माझ्यावर बसली. चालकाने घाबरून इंजिन बंद केलं.

"मावशी, उठा," ठेकेदार म्हणाला. "गावानं परवानगी दिलीय."

"गावानं पडल्यालं दिलंय. ह्यो उभा हाय."

"अर्धी ताल तर पडलीच आहे की."

"मंग अर्धी उभी हाय. आन् तिच्याखाली माझं घर हाय."

ठेकेदार वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्याने मोबाइल काढून तिला एक चित्र दाखवलं. त्यात एक बाई दारात उभी होती, अंगणात लाटा शिरल्या होत्या आणि माडाची मुळं उघडी पडली होती. "हिच्यासाठी नेतोय, मावशी. या पावसात हिचं घर राहणार नाही."

ठकूबाईने मोबाइल हातात घेऊन ते चित्र जवळून पाहिलं. "लई वंगाळ झालं गं बाई," ती त्या चित्राशीच बोलली. मग मान वर करून म्हणाली, "हिला दगड मिळालाच पायजे. पर हिच्या दारात समुद्र, तसा माझ्या दारात डोंगर. हिचं दार झाकाया माझं उघडं टाकायचं, ह्ये कुनी ठरवलं?"

"डोंगराला निधी नाही. निधी किनाऱ्याला आहे."

"हवा तर एकच बिघडलीया ना? तिकडं समुद्र चढतोय, हितं डोंगर सुटतोय. सरकारला काय एकच डोळा हाय व्हय?"

मला हात असते तर मी टाळ्या पिटल्या असत्या.

तोवर सावळेरामही येऊन पोचला. "ठकू, चूक माजी हाय," तो म्हणाला. ठेकेदाराला त्याने हात जोडले. "उचलल्यालं न्या, दिल्याला शब्द मी मोडत न्हाई. पर तालीला हात लावायचा न्हाई." ठेकेदार पुढे होऊन कडेशी आला. वरून न दिसलेलं ते कौलारू घर त्याला आता दिसलं. त्याने चालकाला मागे फिरायची खूण केली.

डंपर गेले, पण भगदाड पहिल्यापेक्षा मोठं झालं होतं. ठकूबाई अजून माझ्यावरच बसलेली. "पडकई कवा?" तिने विचारलं. तोवर वाडीतली माणसं जमली होती. कुणीतरी निधीचं नाव काढलं. "त्यो मागायचाच," ती म्हणाली. "सोडायचा न्हाई. पर डोंगर काय तवर थांबतोय?"

बहिरूने मंचरहून वाडीची सगळी पोरं आणली. कितीतरी उन्हाळ्यांनंतर माझ्या अंगावर पुन्हा चिपा ठोकल्या गेल्या. दुपारी ठकूबाईकडे नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण झालं. काम संपल्यावर वाडी तशीच मातीच्या पायांनी तालुक्याच्या कचेरीत निधी मागायला जाऊन बसली.

श्रावणात डोंगर सुटला. आमच्या तालुक्यात पूर्वी एक अख्खं गाव दरडीखाली गेलं आहे, त्यामुळे याचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दरड मोठी नव्हती, पण एक घर गाडायला पुरेशी होती. चिखल आला, त्याच्याबरोबर हिरड्याचं झाड आलं आणि सगळा भार आमच्यावर पडला. ताल फुगली. चिपा कडकडल्या. मी भ्यालो होतो, मित्रांनो, खोटं कशाला सांगू? पण माझ्या खाली चुलीचा धूर कौलांतून निघत होता. मी दात आवळले आणि डोंगराला म्हणालो, बाबा रे, तुझ्यातूनच मी आलो, पण आज तुला पुढे जाता येणार नाही. चिखल आमच्या पाठीमागेच थांबला.

मागाहून तालुक्याच्या कचेरीतून एक साहेब आले. "ताल चांगली टिकली," ते कौतुकाने म्हणाले.

"टिकली न्हाई, साहेब. आमी टिकवली," ठकूबाई म्हणाली. "आता पुढच्या सालाचं बोला."

साहेबांनी बघतो म्हणून सांगितलं. निधी अजून आलेला नाही. वाडी दर ग्रामसभेत त्याच्याबद्दल विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत कुणी जागचं उठत नाही. ही सवय त्यांना माझ्याकडून लागली, असं मी मानतो. माझे सोबती आज खाऱ्या पाण्याशी झुंजत असतील. त्या बाईचं घर त्यांनी राखावं, एवढंच मला वाटतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, निधी कुठे द्यायचा ते ठरवाल. तेव्हा समुद्राला द्या आणि डोंगरालाही द्या. आणि दगड उचलण्याआधी त्याच्या खाली कुणाचं घर आहे ते वाकून बघा. काम आटोपलं की ठकूबाई रोज माझ्यावर येऊन बसते. कुणाला मला न्यायचं असेल, तर त्याने आधी तिला उठवून दाखवावं.