ओसरीच्या फळ्या

डेल्फा स्टॅम्परने नळ सोडला, बशी पाण्याखाली धरली आणि नजर खिडकीच्या काचेवर ठेवली. दुपार कलून डोंगराची सावली मागच्या अंगणात उतरली की त्या काचेचा आरसा व्हायचा, आणि डेल्फा भांडी नेमकी त्याच वेळी घासायची. काचेत तिची लेक ट्रीना मागे उभी दिसत होती. ट्रीनाचे ओठ हलत होते, पण अगदी थोडे. पोरगी मुद्दाम हळू बोलत होती. डेल्फाने बशी विसळली, पालथी घातली आणि मागे न वळता म्हणाली,

“कॉफी वरच्या फळीवर आहे, निळ्या डब्यात. आणि कुजबुजतेस कशाला? घरात कुणी मेलंय का?”

काचेतल्या ट्रीनाचे खांदे सैल पडले.

या एका बरोबर उत्तरावर डेल्फाच्या पदरात बरंच काही पडलं. एक अख्खा हिवाळा पडला, चार खोल्या, शेगडीजवळची खुर्ची, परसातला वालाचा वाफा आणि मागच्या टेकडीवर आर्लिसची कबर, जिथे ती दर रविवारी जाऊन नवऱ्याला आठवड्याच्या चहाड्या सांगायची. उत्तर चुकलं असतं, तर लेक्सिंग्टनच्या वृद्धाश्रमात दहा बाय बाराची खोली होती. ट्रीनाने तिथे नावही नोंदवून ठेवलं होतं. खिडकीतून काय दिसतं म्हणून डेल्फाने एकदा विचारलं होतं, तर ट्रीना म्हणाली होती, “गाड्या लावतात ती जागा.”

कान जायला लागून आठ वर्षं झाली होती, आणि गेल्या दोन वर्षांत तर काही उरलंच नव्हतं. केंटकीच्या त्या घळीत हे लपवणं सोपं नाही, कारण तिथे कुणी कुणाच्या दारात गुपचूप जात नाही. खाली ओढ्यापाशी फाटक असतं, तिथे थांबून हाक मारायची, आपलं नाव सांगायचं, घरातून ओ आली की मगच वर चढायचं. प्रत्येक घरात दाराआड बंदूक असते, तेव्हा ही रीत जिवाच्या भल्याचीच. डेल्फाला हाका ऐकू यायच्या नाहीत. पण आर्लिसने ठोकलेली ओकच्या फळ्यांची ओसरी होती, आणि तिची तुळई थेट स्वयंपाकघराच्या जमिनीखाली आली होती. ओसरीवर पाऊल पडलं की डेल्फाच्या तळव्यांना ते कळायचं. म्हणून ती घरात थंडीतसुद्धा अनवाणी असायची. पाव्हणा दाराशी येईपर्यंत दार उघडून उभी राहायची आणि वर त्यालाच ऐकवायची, “ओ दिली होती की मी! कान तपासून घे तुझे.”

“आई, इकडे बघ,” ट्रीना आता समोर येऊन म्हणाली. “तुला इथंच राहायचंय ना? रहा. पण ती ओसरी मी काढणार.”

“ओसरीने काय घोडं मारलंय तुझं?”

“मागच्या जानेवारीत घसरलीस तिच्यावरून. सिमेंटचा उतार करून घेते, कठडा लावते. आणि दारांच्या या गोल मुठी बदलते. तुझ्या बोटांनी फिरतात का तरी त्या? खाली दाबायची मूठ बसवू, कोपरानंसुद्धा उघडते.”

“तुझ्या बापाने ठोकल्यात त्या फळ्या.”

“बाबा असते तर त्यांनीच काढल्या असत्या. कुजल्यात.”

कुजल्या नव्हत्या. पण फळ्या का हव्यात याचं खरं कारण सांगायचं, तर कॉफीच्या डब्यावर मिळवलेलं सगळं परत करावं लागलं असतं. डेल्फाने हात पुसले.

“कर तुला काय करायचं ते,” ती म्हणाली.

ट्रीनाची आणखी एक अट होती, बंदुकीची. ऑगस्टमध्ये ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या म्हाताऱ्या होबर्टला दोघा पोरांनी त्याच्याच स्वयंपाकघरात मारून आडवा केला होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या त्यांना हव्या होत्या. अशा गोळ्या घळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या कपाटात असतात, डेल्फाच्याही होत्या. त्यानंतर शेरीफच्या ऑफिसातल्या वेंडेलने आगीच्या बंबाच्या शेडमध्ये एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी बंदुकीचा वर्ग काढला. नऊ जणी आल्या, आणि सगळ्यांचं मिळून वय सातशेच्या घरात गेलं.

वेंडेलला भरघोस मिशा होत्या, त्यामुळे त्याच्या ओठांवरून डेल्फाला काडीचंही कळेना. पण शेजारी लॉसी नोबल होती. लॉसी म्हणजे ओढ्यापलीकडची मैत्रीण, लग्न न केलेली, पंचाहत्तरीची, चर्चमधल्या पोरांना तीस वर्षं शिकवून थकलेली. दर बुधवारी ती डेल्फाकडे जेवायला यायची. कुणी काही बोललं की तेच तोंड वळवून पुन्हा ठासून म्हणायची तिला अलीकडे खोड लागली होती, आणि लोक म्हणायचे की बाई चळली.

“तो म्हणतोय आधी विचारायचं, कोण आहे म्हणून!” लॉसी डेल्फाकडे तोंड करून म्हणाली. “तीनदा विचारायचं! उत्तर आलं नाही आणि तरीही माणूस आत शिरायला लागला, तरच!”

“कळलं गं. ओरडतेस काय?” डेल्फा म्हणाली.

नेम सगळ्यांत चांगला डेल्फाचा निघाला. बाकीच्या बायका बार उडाला की दचकत होत्या. डेल्फा आर्लिसची जुनी एकनळी बंदूक खांद्याला लावून उभी राहिली आणि तिची पापणीही हलली नाही.

“बघा, बघा डेल्फामावशीकडे!” वेंडेल म्हणाला. “आवाजाची भीती नसली की असं असतं!”

लॉसीने यातलं निम्मंच तिला सांगितलं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गवंडी आले. दोन दिवसांत ओसरी उखडून त्यांनी करडा, गुळगुळीत उतार ओतला आणि दाराला खाली दाबायची मूठ बसवली. फळ्या परसात रचून ठेवल्या. उतार सुकल्यावर डेल्फा स्वतःच त्या उतारावर पाय आपटून आत धावली, म्हणजे तिच्या वयाला जमेल तितकी धावली, आणि तळवे जमिनीला टेकवून उभी राहिली. काही राहिलं असेल तर कळावं म्हणून. काहीच राहिलं नव्हतं. बुधवार आला, पण लॉसीला सर्दी झाली होती, म्हणून ती आली नाही.

शुक्रवारी दुपारी आकाश निरभ्र होतं आणि हवेला धार आली होती. रात्री पहिलं हिंव पडणार, असं टीव्हीवर लिहून येत होतं. डेल्फा शेगडीतली राख काढून उठली आणि तिला दाराच्या काचेवरच्या पडद्याआड कुणीतरी दिसलं. डोक्यावरून टोपडं ओढलेलं, रुंद, पुरुषी कोट. चेहरा कळत नव्हता. हे माणूस आलं कधी, चढलं कधी? दारात आजवर कुणीही असं अचानक उगवलं नव्हतं.

तिने दाराआडची बंदूक घेतली.

“कोण आहे?”

सावली हलली.

“कोण आहे? नाव सांग!”

तिने थांबून वाट पाहिली. वर्गात शिकवलं होतं तेवढी, किंबहुना थोडी जास्तच.

“शेवटचं विचारते! कोण आहे?”

नवी मूठ खाली दबली. ती हाताने दाबलेली नव्हती, कोपराने दाबलेली होती, कारण दोन्ही हात भरलेले होते. दार वीतभर उघडलं आणि डेल्फाने चाप ओढला.

बाराचा धक्का खांद्याला बसला. दार हलकेच पुरतं उघडलं. उतारावर वालाच्या शेंगा पसरल्या होत्या, टोपलीभर, हिंवाच्या भीतीने घाईघाईत तोडलेल्या, काही वेलासकट. शेंगांमध्ये लॉसी बसली होती. पुतण्याचा कोट घालून आली होती ती. उजवी बाही कोपराखाली उरली नव्हती.

डेल्फाने फोन लावला, आणि पलीकडचं ऐकू येत नसल्यामुळे आपलं नाव, घर आणि “माणूस मरतंय” एवढंच चार वेळा ओरडली. मग ॲप्रन सोडून लॉसीच्या दंडाला करकचून बांधला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. लॉसी पांढरीफटक पडली होती. ओठ मात्र ती नीट, एकेक शब्द सुटा करून हलवत होती. ती नेहमी तशीच बोलायची. डेल्फाने ते आज पहिल्यांदाच पाहिलं.

“फळ्या कधी काढल्यास गं?” लॉसी म्हणाली.

डेल्फाने ॲप्रनची गाठ आणखी आवळली.

“मी ओ दिली. तोंड दिसावं म्हणून दार लोटलं. पायही आपटले होते. दोनदा. नेहमीसारखे.”

दर बुधवारी लॉसी ओसरीवर पाऊल ठेवलं की दोनदा पाय आपटायची. चिखल झाडते म्हणायची. डेल्फा तिची टर उडवायची की बाई, महिनाभर पावसाचा थेंब नाही, कसला चिखल झाडतेस. लॉसी म्हणायची, सवय गं. आठ वर्षं म्हणायची. डेल्फाने आत्ता खाली बघितलं. लॉसीचे बूट कोरडे होते, स्वच्छ होते.

“तुला ठाऊक होतं,” डेल्फा म्हणाली.

लॉसीने डोळे मिटले, ओठही मिटले, आणि ओठ मिटले की तिचं काही कळायची डेल्फापाशी सोय नव्हती.

वेंडेल आला, पाठोपाठ अँब्युलन्स आली. संध्याकाळपर्यंत दीडशे मैल गाडी मारून ट्रीनाही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येऊन पोचली. लॉसीचं रक्त थांबवून तिला ऑपरेशनला न्यायच्या आधी वेंडेल स्ट्रेचरवर वाकला. तोही तिच्याच हाताखाली प्रार्थना पाठ करून मोठा झालेला.

“लॉसीमावशी, फाटकातून हाक मारली नव्हतीस का?”

लॉसीने मान वळवली. डेल्फा कुठे उभी आहे ते आधी पाहून घेतलं आणि तिला दिसेल असं तोंड करून म्हणाली,

“हाक मारायचीच राहिली रे. हात भरले होते, डोक्यात त्या मेल्या शेंगा. चूक माझी. हिच्यावर काही लिहू नकोस.”

“तिने विचारलं तेव्हा ओ तरी द्यायचीस!”

“सर्दीने घसा बसलाय. फुटला नाही आवाज.”

ट्रीनाने आईचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं.

“आई, खरं सांग. तिने हाक मारली होती? काही ऐकलंस तू?”

पंचेचाळीस वर्षांत लॉसी नोबल त्या फाटकातून हाक मारल्याशिवाय एकदाही वर आली नव्हती. डेल्फाला चार खोल्या दिसल्या, शेगडी दिसली, टेकडी दिसली.

“नाही,” ती म्हणाली. “काही ऐकलं नाही.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वेंडेलने लिहून घेतलं. तीनदा विचारलं होतं, थांबली होती, सगळं नियमाप्रमाणे. ट्रीनाने आईला मिठी मारली आणि त्यानंतर कानांचा विषय पुन्हा काढला नाही. डेल्फाने उतारावरच्या शेंगा एकेक करून वेचल्या, धुतल्या, दोऱ्यात ओवून शेगडीवर वाळत टाकल्या.

लॉसीचा हात कोपरापासून गेला. एका हाताने लाकूड फोडता येत नाही, आणि ओढ्यापलीकडच्या तिच्या घरात दुसऱ्या कशाने ऊब येत नाही. पुतण्या ओहायोला, त्याच्या घरात आधीच सहा माणसं. तेव्हा ट्रीनानेच मार्ग काढला. चांगल्या मनाची पोरगी. नाव नोंदवलेलं होतंच.

फेब्रुवारीत ती डेल्फाला लेक्सिंग्टनला घेऊन गेली. वाळवलेल्या शेंगांची माळ डेल्फाने सोबत घेतली होती. लांबलचक पॅसेजमधून ती खोलीच्या दारापर्यंत आली, थांबली, आणि फरशीवर दोनदा पाय आपटले. तिथली नर्स हसली. लॉसीचे कान शाबूत होते, तिने लगेच तोंड वळवलं.

“अगं, इथे कसला चिखल?”

“सवय,” डेल्फा म्हणाली. मग दार लोटून, ट्रीना बाहेरच आहे याची खात्री करून ती जवळ बसली. “लॉसी, मी सांगते तिला. आज सांगते.”

“काय सांगतेस?”

“सगळं.”

लॉसीने डाव्या हाताने शेंगांची माळ उचलली, हुंगली, मांडीवर ठेवली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

“मग दोघी इथे. आणि हात काय परत उगवणारेय? गप्प बैस. घळीत कुणीतरी राहिलं पाहिजे गं. वाल लावशील ना यंदा?”

डेल्फाने मान डोलावली. मग ती खोलीकडे बघत बसली. एक पलंग होता, एक खुर्ची, भिंतीवर देवाचं वचन. दहा बाय बारा. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती.