काचेश्वरांची खिडकी

ऑफिसात त्याला सगळे काचेश्वर म्हणायचे आणि हा पठ्ठ्या ते कौतुक समजून मिरवायचा. समुद्रकाठच्या इमारतींना कुठली काच लावली म्हणजे उजेड आत येईल आणि ऊन बाहेर राहील, हे लोकांच्या गळी उतरवणं हा त्याचा धंदा. दाढी करायला गेला तरी न्हाव्याला काच समजावून यायचा. न्हावी बिचारा वस्तरा हातात धरून 'हो का, हो का' करायचा.

आणि अशा या महाशयांच्या स्वतःच्या घरातली पश्चिमेची खोली दुपारी नुसती भट्टी व्हायची. आजवर त्याचं काही अडलं नव्हतं, कारण तिथे जुन्या बॅगा आणि मोडका पंखा एवढंच राहत होतं. आता मात्र ताई येणार होती. आई गेल्यावर ताईनेच याला वाढवलं. स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवलं आणि याची फी भरली. आता ती निवृत्त झाली होती, एकटी होती. तिने कायमचं आपल्याकडे यावं म्हणून हा हात धुऊन तिच्या मागे लागला होता. ती एवढंच म्हणाली, "आठवडाभर राहून बघते. मग ठरवू."

झालं! काचेश्वर पेटले. साध्या खिडकीच्या जागी दुहेरी काच मागवली. दोन काचा, मध्ये बंद हवा आणि एका काचेच्या आतल्या, त्या बंद हवेकडच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारा, ऊन परतवणारा थर. ही थरवाली काच कायम बाहेरच्या बाजूला राहायला हवी, कारण ऊन झेलून तापते तीच. म्हणून कारखान्यातून येतानाच काचेवर 'ही बाजू बाहेर' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिठ्ठी साहेबांनी काच बसवण्याआधीच स्वतःच्या नखाने खरवडून काढली. का? तर फोटोत वाईट दिसते म्हणून! त्यांना ग्रुपवर फोटो टाकायचा होता ना.

"साहेब, बाहेरची बाजू कुठली?" काच बसवणाऱ्याने विचारलं.

फोनमधून मान वर न काढता साहेबांनी बोट दाखवलं. "अहो, ही. मला विचारताय होय!"

ताई आली. पहिल्याच दुपारी याने दारात उभं राहून विचारलं, "काय ताई, कसं वाटतंय?"

"छान आहे रे. गार वाटतंय." ताईने पदराने मान पुसली.

"बघ! बाहेर आग ओकतंय आणि आत पत्ता नाही!" असं म्हणताना याच्या स्वतःच्या पाठीवरून घामाची धार लागली होती. ती त्याने समुद्राच्या दमट हवेच्या नावावर टाकली. काचेवर संशय घ्यायचा म्हणजे काय, देवळात बसून देवावर घेण्यासारखंच.

रोज हेच चाललं. हा विचारायचा, ती 'गार आहे' म्हणायची, आणि हा ऑफिसात जाऊन सांगायचा, "आमच्या ताईला विचारा!"

मग एका दुपारी तो लवकर घरी आला. ताई खोलीत नव्हती. ती स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या गार फरशीवर, हाताची उशी करून झोपली होती. बायकोने तोंडावर बोट ठेवलं. "अहो, वन्सं रोज इथेच झोपतात. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

तो खोलीत गेला. ताईची बॅग अर्धी भरलेली होती. आपलं काय चुकलं? बायको काही बोलली का? पोरांचा आवाज होतो का? सगळ्यांवर संशय घेऊन झाला. काच सोडून.

दिवेलागणीला ताई म्हणाली, "उद्या निघते रे. मला माझ्या घराची सवय आहे."

"ताई, या खोलीत काय कमी आहे? थांब, तुला काच दाखवतो!" त्याचा आवाज रडवेला झाला होता, तरी व्याख्यान सुटलं नाही. त्याने मेणबत्ती पेटवून खिडकीसमोर धरली. "बघ, चार ज्योती दिसतात. दोन्ही काचांच्या प्रत्येक बाजूची एक. त्यातली एक वेगळ्या रंगाची. तिथे आपला थर. आपल्याकडून मोजायचं आणि तिसरी यायला हवी. एक, दोन..."

तो थांबला. त्याने पुन्हा मोजलं. चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं.

"कितवी?" ताईने विचारलं.

"दुसरी."

"म्हणजे रे?"

"म्हणजे काच उलटी बसली. म्हणजे मीच बसवली. तापणारी बाजू तुझ्याकडे आली, ताई. मी तुला तव्याशेजारी झोपवलं!" तो मटकन खाटेवर बसला. "आणि तू रोज गार गार म्हणत होतीस?"

"तू इतका खुशीत विचारायचास. कसं सांगणार?"

"म्हणून निघून जाणार होतीस? माझ्याशी एक शब्द न बोलता?"

ताई बॅगेतली साडी उगाच नीट करू लागली. तेव्हा याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिने जन्मात कधी याच्याकडे कसलीच तक्रार केली नव्हती. याने पहिल्यांदा केलेला खारट भातसुद्धा ती 'छान' म्हणत जेवली होती. आणि हा मूर्ख ते सगळं खरं धरून मोठा झाला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि ताईचा रागही आला.

"ताई, काच उलटायला चार दिवस लागतील," तो म्हणाला. "तोवर तू आमच्या खोलीत, आम्ही इथे. पण आधी खरं सांग. कसं वाटतंय या खोलीत?"

ताईने बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उकडतंय रे मेल्या!" ती एकदम ओरडली. "जीव जातोय माझा! आणि ती मेणबत्ती विझव आधी!"

काचेश्वरांनी फुंकर मारली. मग पोरांना, बायकोला, सगळ्या घराला ऐकू जाईल असं ते ओरडत सुटले, "ऐकलंत का? ताईला उकडतंय!"

बायको धावत आली. तिला वाटलं, यांना कुठे बढतीबिढती मिळाली.

ताईने बॅगेतल्या साड्या काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "उभा काय राहिलास? तुमच्या कपाटात जागा कर."