मधली नऊ वर्षं

"सकाळपासून घरात नुसती तारखांची उस्तवार चाललीय. म्हातारीच्या चहाची तारीखही कुणी काढली तर बरं होईल."

सासूबाई पडद्यामागे पुटपुटल्या, पण अशा बेताने की पडद्यापुढच्या तिघांनाही नीट ऐकू जावं. एवढ्याशा घरात नुसतं स्वतःशी बोलणं कुणालाच परवडत नव्हतं.

"ठेवते हं आई," असं म्हणून सून काही जागची हलली नाही. तिची नजर लेकीच्या लॅपटॉपवर होती आणि पाय टेबलाखाली शिलाई मशीन चालवल्यासारखे हलत होते.

नाटकाचे कपडे शिवणाऱ्या एका वर्कशॉपला कापड कापणारं माणूस हवं होतं. अर्ज करायचा आज शेवटचा दिवस. एके काळी ती शर्टांच्या कारखान्यात कटिंग करायची. तिथे तिला सगळे कात्री म्हणत. हाताला धार होती म्हणून, आणि थोडी जिभेलाही होती म्हणून. जन्मभर कॉलर आणि कफ कापलेल्या त्या कात्रीला आता राजांचे झगे खुणावत होते.

"जन्मसाल?" लेकीने विचारलं.

"उडव," नवरा म्हणाला. "विचारलं तर सांगू. आपण होऊन ढोल कशाला बडवायचा?"

"मग दहावीचं सालही जायला हवं. त्यावरून शेंबडं पोरही वय काढेल."

"उडव."

"कारखान्यात लागलीस ते साल?"

"तेव्हा तुझ्या बाबांच्या डोक्यावर केस होते," कात्री म्हणाली. "इतकं जुनं काही ठेवू नकोस. उडव."

"माझ्या केसांचा इथे काय संबंध?" नवऱ्याने डोक्यावरून हात फिरवला. मायलेकी खिदळल्या.

"आणि कारखाना सोडलास ते?"

हसू तिथेच थांबलं.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. कुणीतरी घरी राहायला हवं होतं. कुणी, यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी कात्रीकडे पाहिलं, एवढंच. हाड दोन वर्षांत सांधलं. काठी आणि खाट मात्र सुटली नाही. घरात कुणी नसलं की सासूबाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढतात, हे लेकीने खिडकीतून पाहिलं होतं. नवऱ्याने तर त्यांना काठी बगलेत मारून जिना चढताना पाहिलं होतं, आणि त्या ओशाळतील म्हणून तोच जिन्याखाली लपला होता! ठाऊक सगळ्यांना होतं, पण बोलणार कोण? म्हातारीला एकटं पडायची धास्ती, मुलाला आईची लाज राखायची. आणि कात्रीची तऱ्हा आणखी वेगळी. इतक्या वर्षांत आपला हात गेला असेल तर, ही तिची भीतीही त्याच पडद्याआड सोयीने पडून होती.

"'घरगुती जबाबदाऱ्या' लिही," नवरा हळूच म्हणाला.

"ते वाचलं की लोक पुढचा अर्ज उघडतात, बाबा."

"मग तेही उडव."

पडद्यामागे खाट करकरली.

सरतेशेवटी अर्ध्या पानावर नाव, फोन नंबर, "कटिंग उत्तम येतं" आणि बरीचशी पांढरी जागा उरली. "सुटसुटीत झालंय," नवरा म्हणाला. कात्रीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. कपडा बेततानासुद्धा शिवणीत थोडं जादा कापड ठेवतात, पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून. इथे तर सगळंच छाटलं होतं. पण अर्जाचा आज शेवटचा दिवस, विचार करायला फुरसत कुणाला! "पाठव गं," ती म्हणाली, आणि उठून एकदाचा चहा टाकला.

दुपारी ती भांडी विसळत असताना फोन वाजला. लेकीने धावत जाऊन स्पीकर लावला.

"वर्कशॉपमधून बोलतेय," एका बाईचा खणखणीत आवाज आला. "अर्जात एकही साल नाही, म्हणजे नुकतीच शिकून बाहेर पडलेली दिसतेस. शिकाऊ मुली घेतो आम्ही. मापं लिहायची, टाचण्या वेचायच्या. येतेस?"

कात्री ओले हात पदराला पुसत फोनपाशी आली. ती तोंड उघडते तोच पडदा फाटकन बाजूला झाला.

"शिकाऊ? टाचण्या वेचायला? माझी सून?" सासूबाई तरातरा खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "अहो, हिने कापलेले शर्ट घालून लोक म्हातारे झाले!"

काठी खाटेपाशीच राहिली होती. नवरा छताकडे बघू लागला. लेक टेबलावरचा डाग नखाने खरवडू लागली.

"कोण बोलतंय?"

"सासूबाई आहेत माझ्या," कात्री म्हणाली. "आणि मी पन्नाशीची आहे. सालं आम्हीच गाळली."

पलीकडून हसू ऐकू आलं. अगंतुगं थांबलं. "बरं, मखमलीचा झगा कसा बेतून कापाल?"

"सगळे तुकडे एकाच दिशेने लावून. नाहीतर लव उलटसुलट पडते, आणि स्टेजवरच्या दिव्यात अर्धा राजा काळा दिसतो, अर्धा जांभळा." शब्द असे सरसर आले की तिचं तिलाच नवल वाटलं. हाताचं ठाऊक नाही, पण निदान डोकं तरी जागेवर होतं.

"वा! उद्याच या. पण शेवटचं काम कधी केलंत?"

"नऊ वर्षं झाली. सासूबाई पडल्या, म्हणून घरी राहिले."

"अजून त्यांचं करावं लागतं का? प्रयोग जवळ आला की इथे घरी जायला उशीर होतो. काय ते आत्ताच स्पष्ट सांगा, म्हणजे मागाहून घोळ नको."

नवरा दोन्ही हातांनी काहीबाही खुणा करत होता. सासूबाईंना आता कुठे आपल्या पायांची आठवण झाली. त्या काठी शोधू लागल्या, मग टेबलाचा आधार घ्यायला हात पुढे केला. कात्रीने तो हात वरच्यावर धरला, घट्ट.

"नाही," ती फोनमध्ये म्हणाली, पण बघत होती सासूबाईंकडे. "सात वर्षांपूर्वीच बऱ्या झाल्या त्या. घरात सगळ्यांना माहीत होतं. बोललं कुणीच नाही."