दोन इंजिनांची वाटणी

वाटणीत माणसं काय काय वाटून घेतात, हे पाहायचं असेल तर आमच्या घरी यावं. बाबा गेले आणि वर्ष उलटायच्या आत माझ्या दोन्ही भावांनी घर, गोडाऊन, हंडे, पराती सगळं अर्धं-अर्धं करून टाकलं. आर्वीतलं आमचं हार्डवेअरचं दुकान चांगलं ऐसपैस होतं. त्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत आली आणि एका शटरची दोन झाली. 'मधुकरराव अँड सन्स' ही पाटीसुद्धा करवतीनं कापली. थोरल्याच्या वाट्याला वडील आले, धाकट्याच्या वाट्याला नुसते सन्स. गिऱ्हाईक वर पाहून हसायचं, पण या दोघांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

थोरला धर्मेंद्र, त्याला मी दादा म्हणते. धाकटा अंकित, तो भाऊ. मी रक्षा, दोघांच्याही पाठची. वाटणीच्या दिवशी पंच म्हणून पुंडलिकमामा बसले होते. "एकाले एक, दुसऱ्याले एक, कोनाचा रुसवा नको," हा त्यांचा सगळा कायदा. दुकानाच्या कपाटात एका खोक्यात माझी दोन इंजिनं होती. मुठीएवढी, मॉडेल विमानाची, कलकत्त्याहून मागवलेली. नागपूरला कॉलेजात असताना मी एनसीसीच्या हवाई शाखेत होते, तिथं विमानं बनवायला आणि उडवायला शिकले, आणि बक्षिसांच्या पैशांतून ही जोडी घेतली होती. मामांनी खोकं उघडलं, दोन सारख्या वस्तू दिसल्या, त्यांनी एक दादासमोर ठेवली आणि एक भाऊसमोर.

"मामा, ते माह्ये आहेत," मी म्हटलं.

"तू तं लग्न करून जाशील बाई. तुले कायले पाह्यजे लोखंड?" मामा म्हणाले आणि पुढच्या खोक्याला हात घातला.

ते इंजिन कशाचं आहे, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्याला मिळालं म्हटल्यावर आपलं सोडायचं कसं? दादानं ते काउंटरवर बिलं दाबायला ठेवलं. भाऊनं देवघरात ठेवलं आणि भाऊची बायको रोज त्याला हळदकुंकू वाहू लागली. जिथून एरंडेल आणि स्पिरिटचं इंधन आत जायचं, तिथं कुंकू. माझा जीव वरखाली व्हायचा.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. घर एकच, मध्ये भिंत, अंगण आणि नळ सामाईक. आई आणि मी एक महिना दादाकडे जेवायचो, एक महिना भाऊकडे. दोन्ही वहिन्या भिंतीवरून एकमेकींना भाजीच्या वाट्या द्यायच्या, मजेत बोलायच्या. अबोला फक्त या दोघांचा, आणि त्याचा भार माझ्या डोक्यावर. दोघं अंगणात हातभर अंतरावर उभे राहून दात घासायचे.

दादा म्हणायचा, "रक्षे, त्याले सांग, नळ बंद कर म्हना. पानी वाया जाऊन राह्यलं."

मी वळून सांगायची, "भाऊ, दादा म्हणतो नळ बंद कर."

"त्याले सांग, माह्या वाट्याचं पानी आहे."

"दादा, भाऊ म्हणतो त्याच्या वाट्याचं पाणी आहे."

तोंडात पेस्टचा फेस घेऊन मी हे सकाळ-संध्याकाळ करत होते. शिकलेली मुलगी, बीएस्सी झालेली, आणि घरात काम काय, तर टपाल. संतापून मी एकदा निरोप सांगायचा नाही असं ठरवलं. त्या दिवशी मोटारीचं बटण कोणी बंद केलं नाही, टाकी वाहत राहिली आणि आईचं धान्य भिजलं. आईनं मलाच बोल लावला.

अशात दोन हजार तीनच्या दिवाळीत नागपूरहून भोयर सरांचा फोन आला. मला विमान उडवायला त्यांनीच शिकवलं होतं. एका कॉलेजात मुलांना मॉडेल विमानं शिकवायला कोणीतरी हवं होतं, राहायची सोय होती, आणि सरांना माझं नाव सुचवायचं होतं.

"पण एका इंजिनाचं विमान आजकाल कोणीही उडवतं," सर म्हणाले. "तू ते दोन इंजिनांचं करत होतीस ना? ते झालं का? ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे, म्हणजे मी छातीठोकपणे सांगू शकेन. मी रविवारी आर्वीला येतो."

विमान झालं होतं. बाल्सा लाकडाचा सांगाडा, वर लाल कागद, पंख माझ्या दोन हातांएवढा लांब. ते माझ्या खाटेखाली धूळ खात होतं, कारण त्याची दोन्ही इंजिनं वाटणीत गेली होती. ती नोकरी मला हवी होती. विमानाच्या प्रेमापोटी हवी होती असं म्हणाले तर ते अर्धंच खरं. मला त्या अंगणातून बाहेर पडायचं होतं.

मी आधी दादाकडे गेले. बिलांवरचं इंजिन त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"देतो न. पन माह्यं इंजिन मीच लावीन आन मीच चालू करीन. त्यानं हात लावाचा नाई. आन माह्यं उजव्या अंगाले पाह्यजे."

भाऊकडे गेले. त्यानं तेच सांगितलं, शब्दाला शब्द. त्यालाही उजवंच पाहिजे होतं. आता उजवा पंख विमानाला एकच असतो, हे मी कोणाला समजावू? शेवटी अंगणात विमान ठेवून मी दादाला तोंडाकडून बसवलं आणि भाऊला शेपटीकडून. समोरून पाहणाऱ्याला डावा पंख आपल्या उजव्या हाताला दिसतो. दादानं आपल्या उजव्या हाताचं इंजिन घट्ट बसवलं, भाऊनं आपल्या उजव्या हाताचं, आणि दोघंही समाधानानं मिशीवर हात फिरवत उठले. असल्या माणसांशी सरळ बोलून काही होत नाही.

खरी डोकेदुखी पुढे होती. दोन इंजिनांच्या विमानात दोघांचा वेग अगदी सारखा लागतो. एक जरा जरी मागे पडलं, तर विमान त्याच्या बाजूला खेचलं जातं. प्रत्येक इंजिनाला तेल कमी-जास्त करायची एक बारीक सुई असते. ती आवळली की तेल कमी जातं आणि इंजिन जोरात पळतं, पण फार आवळली तर तापून हवेत बंद पडतं. दोन्ही चालू करून कान देऊन ऐकायचं. वेग वेगळा असला की आवाज लहरतो, सारखा झाला की लहर जाते. दादाचं इंजिन बिलांखाली राहून जरा सुस्त झालं होतं. म्हणून मी भाऊच्या इंजिनाची सुई थोडी सैल केली.

भाऊला ते लागलं. "माह्यंच काऊन कमी केलं?"

"दादाचं याच्यावर जात नाई. जे हळू आहे त्याच्यावर दुसऱ्याले आनावं लागते."

"म्हंजे त्याचं कमजोर आहे तं माह्यं दाबाचं?"

"हो."

"हा कोनता कायदा?"

"विमानाचा," मी म्हटलं. तोवर 'कमजोर' हा शब्द दादाच्या कानावर गेला होता. त्याला सांग, माझं इंजिन कमजोर नाही, असा निरोप मला मिळाला आणि मी तो पोचवला. कान लावून बसले, दोन्ही आवाज एक केले, आणि दोघांना हात जोडून सांगितलं, आता रविवारपर्यंत सुयांना कोणी बोट लावायचं नाही. दोघांनी मान हलवली.

रविवारी सकाळी सर एसटीनं आले. गावाबाहेर एक नवं ले-आउट पडलं होतं, प्लॉट विकले गेले नव्हते पण डांबराचा सरळ रस्ता तयार होता, आणि पलीकडे सोयाबीन काढलेलं मोकळं वावर. आम्ही विमान तिथं नेलं. दादा त्याच्या स्कूटरवर आला, भाऊ त्याच्या. सरांनी पंखाच्या जोडांवर बोट फिरवलं, मग मी त्यांना बाजूला नेऊन थर्मासमधला चहा दिला, त्यांनी चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. तेवढा वेळ माझी पाठ विमानाकडे होती.

इंजिनं चालू झाली. मला आवाज जरा चढा वाटला, पण वाऱ्यामुळे असेल म्हणून मी विमानाचा रेडिओ-रिमोट हातात घेतला. विमान रस्त्यावरून धावलं आणि उचललं. इतक्या दिवसांचा वैताग एका क्षणात उतरला. लाल पोट उन्हात चमकलं, मी एक मोठा फेरा घेतला, सर मान डोलावत होते. दुसऱ्या फेऱ्याला आवाज लहरू लागला. तिसऱ्याला डावीकडचं, म्हणजे दादाचं इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

विमानाचं नाक डावीकडे फिरलं आणि तो पंख खाली जाऊ लागला.

"फुल दे, फुल!" भाऊ ओरडला. "माह्यं चालू आहे!"

"अवो रक्षे, फुल दे न!" दादाही ओरडला. वाटणीनंतर दोघांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं, आणि तेही चुकीच्या गोष्टीवर. एक इंजिन मेल्यावर दुसऱ्याला जोर दिला, तर ते चालू इंजिनच विमानाला मेलेल्या बाजूवर उलटं करून जमिनीत घालतं. पण तशा वेळी हात आपसूक पुढे जातो. नोकरी, नागपूर, माझी स्वतःची एक खोली, सगळं त्या तिरक्या पंखावर होतं. मी थ्रॉटलची दांडी मागे ओढली. चालू इंजिन सुस्तावलं, पंख सरळ झाला, आणि विमान रस्ता ओलांडून सोयाबीनच्या धसकटांत घासत उतरलं. एक चाक तुटलं. बाकी धड होतं.

आम्ही सगळे धावत गेलो. सरांनी इंजिनांजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. दोन्ही तापून लाल व्हायची बाकी होती. मग त्यांनी वाकून सुया पाहिल्या.

"या कोणी आवळल्या?"

दादा दूरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहू लागला. भाऊ बुटाला लागलेली माती काढू लागला.

"थोडीशीच," दादा शेवटी म्हणाला. "लोकांसमोर माह्यं मागं पडू नये म्हून."

"मी बी थोडीशीच," भाऊ म्हणाला. "त्यानं केली तं मी काऊन नाई?"

माझं डोकं फिरलं. माझं सगळं आयुष्य त्या विमानावर टांगलेलं, आणि यांना एकमेकांच्या पुढे राहायचं होतं. सर मात्र माझ्याकडे पाहत होते.

"हात मागे कसा घेतलास? माझी चांगली शिकलेली मुलं अशा वेळी पुढे ढकलतात."

"सवय आहे सर," मी म्हटलं. "आमच्या घरी एक रुसून बसला की दुसरा जास्त जोर करतो. तेव्हा जो चालू आहे त्यालाच आधी गप्प करावं लागतं. नाहीतर घरात कोणी जेवत नाही."

सर हसले. "एक तारखेपासून ये. मी कॉलेजला आजच फोन करतो."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी नाचेन. मी नुसती त्या धसकटांत उभी राहिले. भावांकडून शाब्बास नाही, अभिनंदन नाही, चाक तुटल्याची हळहळ नाही. मग दादा बोलला, तो माझ्याशी नाही.

"हे गेल्यावर मंग निरोप कोन सांगन बे?"

"मले काय इचारतं?" भाऊ म्हणाला. "तूच पाय आता. मोठा तू आहे."

माझं तोंड आपोआप उघडलं. तीन वर्षांची सवय. "दादा, भाऊ म्हणतो की तूच..."

"आयकलं मी," दादा चिडून म्हणाला. "बहिरा हाओ काय?"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. तो भाऊकडे वळून, मोठा आहे म्हणून सगळं आपणच का करायचं, असं तावातावानं विचारत होता, आणि भाऊ तोंडावर उत्तर देत होता.

मी विमान उचललं. तुटलेलं चाक शोधत बसले नाही.

"सर," मी म्हटलं, "उद्याच आले तर चालेल का?"