छातीवर अडकलो तेव्हा

मित्रांनो, मी व्यायामशाळेतला एक जुना रॉड आहे. माझ्या दोन्ही टोकांना वजनं अडकवून लोक बाकावर उताणे झोपतात, मला छातीपर्यंत खाली आणतात आणि पुन्हा वर ढकलतात. नवा होतो तेव्हा माझी पकड खरखरीत होती. आता मी झिजलो आहे. घामेजले हात लागले की माझा जीव खालीवर होतो.

एक नर्स रोज नवऱ्याबरोबर यायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. रुग्णांना उचलून, कुशीवर वळवून तिचे खांदे भरून येत, म्हणून तिने हा व्यायाम धरला होता. नवऱ्याचं सलून होतं. तो तिच्या डोक्याशी उभा राहून माझ्याखाली हात धरायचा. "अंगठा गुंडाळ. खांदे मागे घे. हं, आता."

एका सकाळी दोघांचं बिनसलं. नवरा तोंड फुगवून लांब आरशापाशी बसला. सिस्टर एकटीच आडवी झाली. अंगठा माझ्याभोवती न गुंडाळता तिने बोटांच्याच बाजूला ठेवला. नको गं बाई, असं ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला कुठली वाचा!

दोनदा मी नीट वर गेलो. पुढच्या वेळी अर्ध्यावर तिचे हात थरथरले. मी तळव्यांतून निसटलो आणि तिच्या छातीवर आदळलो. तिला श्वास घेता येईना. तरी ती हाक मारीना! मी गळ्याकडे सरकू लागलो.

"अहो..." शेवटी जेमतेम आवाज फुटला.

तो धावत आला. त्याने मला उचलून जागेवर ठेवलं.

"आधी हाक मारता येत नव्हती?"

"बोलायचं नव्हतं तुमच्याशी."

"मग शिव्या द्यायच्या होत्यास! पण तोंड उघडायचं होतंस!"

तिची बरगडी दुखावली. ती येईनाशी झाली. मी अपशकुनी ठरलो. कोपऱ्यात माझ्यावर गंज चढू लागला. ती बरी झाली असेल ना, एवढाच घोर लागला होता.

अखेर ती आली. तिने मला पुसलं, वजनं न लावताच घेतलं. पाय जमिनीवर घट्ट, खांदे मागे, अंगठा माझ्याभोवती. मग डोक्याशी उभ्या नवऱ्याला तिने विचारलं,

"आहात ना?"

"आहे. राग गेलेला नाही, पण आहे."

मी हळूहळू खाली गेलो आणि वर आलो.

मित्रांनो, मला पुसत जा, नीट धरा, डोक्याशी कुणीतरी उभं असू द्या. अडलात तर लगेच हाक मारा. रुसायला पुढे वेळ मिळेल. मी एकदा निसटलो की मला थांबता येत नाही.