मोडणारा थर

कांडी पुन्हा मोडली. ओडेल प्रुइटने प्रयोगशाळेतलं यंत्र थांबवलं, पोकळ गिरमिट वर घेतलं आणि आतला काळा चुरा तळहातावर झटकला. जमिनीच्या पोटातून काढलेल्या शेल खडकाच्या त्या गाभ्यात दोन तऱ्हेचे थर होते. करड्या थरातून बोटाएवढ्या कांड्या सुबक निघाल्या होत्या. काळा थर मात्र गिरमिट लागलं की पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत होता.

"यातली एक तरी कांडी हवी, काका," डेल्फीन म्हणाली. "जे मोडतं त्यातच तेल असतं."

"मोडलेल्याचं माप येत नाही, पोरी. हा चुरा घरी ने, बिस्किटांवर भुरभुरव."

ती हसली, पण जागची हलली नाही. ती तेल कंपनीची भूशास्त्रज्ञ. ओडेलच्या दिवंगत मित्राची मुलगी, मिडलंडच्या त्यांच्या चर्चमध्ये ओडेलच्याच मांडीवर वाढलेली. तेलविहिरीची जागा तिने सुचवली होती. मापं कमी आली तर विहीर बुजणार, आणि तिच्या शब्दाला पुढे कोणी विचारणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. चुरा आणखी कुटून त्याची भुकटी मोजायची रीत आहे, याची तिने आठवण करून दिली. ओडेलचा भुकटीवर विश्वास नव्हता. अख्ख्या कांडीत हेलियम वायू सोडावा, किती मावतो ते पाहावं, मग दगड स्वतःच्या तोंडाने बोलतो, असं तो म्हणे. त्याने चुरा पिशवीत भरला आणि करड्या कांड्याच मोजल्या. माप अचूक होतं. दगडात तेलाला जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात विहिरीत सिमेंट ओतलं गेलं.

रविवारी चर्चमध्ये प्रवचनाला पास्टर गेन्स साधंच बोलत उभे राहिले. मेजवानी झाली, पोटभर जेवून माणसं उठली. टेबलाखाली सांडलेले चुरे वेचायला कोण वाकलं, एवढंच ते विचारत होते. मग नेहमीसारखा त्यांचा श्वास लांबला, ऑर्गनने सूर उचलला आणि बोलण्याचं गाणं झालं. प्रत्येक ओळ फिरून तिथेच येई: कोण वाकलं? बाया उभ्या राहून "सांगा, पास्टर, सांगा" म्हणू लागल्या. त्या सुरात देव शेजारी येऊन बसतो, हा ओडेलचा जन्मभराचा अनुभव. त्या दिवशी तो फारच जवळ बसला. ओडेलच्या ओठांवर आलेलं 'आमेन' तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी उघडली. चुरा कुटला, चाळला, मोजला. पुन्हा मोजला. मग खुर्चीत बसून बराच वेळ चष्मा पुसत राहिला; चष्मा स्वच्छच होता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या जेवणघरात डेल्फीन दोन थाळ्या घेऊन त्याच्या समोर आली. कंपनी तिला ह्यूस्टनला धाडत होती, टेबलावरच्या कामाला. खडकाशी संबंध संपला, असं तिने मक्याच्या पावाचा तुकडा मोडता मोडता सांगितलं.

"माफ करा, काका. त्या दिवशी मी उगाच हट्ट धरला. बाबा असते तर कान पिळला असता, ओडेलच्या मापावर शंका घेतेस म्हणून."

ओडेलने कोटाच्या खिशातली काळ्या भुकटीची कुपी काढून तिच्या थाळीशेजारी ठेवली. सकाळपासून खिशात मुठीत धरून ती कोमट झाली होती. डेल्फीनने झाकण काढलं, कुपी नाकाशी नेली. तेलाचा तो वास तिला कोणी शिकवायला नको होता.

"मी कंपनीला कळवलंय," तो म्हणाला. "काळ्या थराचं खरं माप."

"मग?"

"सिमेंट फोडून बघायला कोणी तयार नाही."

तिने मान हलवली. झाकण लावताना तिचा हात चुकला आणि काळे कण टेबलावरून खाली फरशीवर सांडले. ओडेलने खुर्ची मागे सारली, गुडघ्यावर हात टेकवत खाली बसला आणि एकेक कण वेचू लागला.

"राहू द्या, काका," ती म्हणाली.

तो वेचतच राहिला.